पायाला पाय लावलेली रांग

१४ सप्टेंबर १९४६, शनिवार

सगळ्यांच्या आधी पोचली ती शेजारची सेन्या कांगासच, दुसरं कोण असणार! कॉलेजच्या मैदानावर अजून चुन्याच्या रेघासुद्धा ओढल्या नव्हत्या आणि ही बया घडीची खुर्ची, लोकरीची शाल, कॉफीची बाटली असं बिऱ्हाड घेऊन अगदी पुढे बसलेली. वर मलाच म्हणते, "उशीर केलास गं हिल्या! नातू तुझा आणि तूच मागून येतेस!" अगं बाई, खेळ दोन आठवड्यांनी आहे, आज नुसता सराव. पण सेन्याला कोण सांगणार. तिच्यामागून पाद्रीण आली, मग खाटकाची बायको, मग पहिल्या पाळीतून सुटलेले खाणीतले बाप्ये.

चार वर्षांनी आमच्या पाइन हार्बर कॉलेजचा फुटबॉलचा संघ उभा राहतोय. चार वर्षं त्या मैदानात गवत आणि ससे. पोरं सगळी लढाईवर. आता परत आली आहेत, म्हणजे जी आली ती. आणि पोरं कसली, पंचविशीचे दणकट पुरुष आहेत. एकाला टक्कल पडलंय, एकाची बायको तान्हं बाळ घेऊन कडेला उभी होती. पुस्तकं काखेत आणि दाढी आलेली, असं कॉलेज मी बघितलं नव्हतं. अर्थात मी कुठलंच कॉलेज बघितलेलं नाही. पाद्रीबाबांनी दीक्षेच्या वेळी जेवढी अक्षरं शिकवली तेवढ्यावर माझं चाललंय.

ही वही टाउनोने आणली. टाउनो म्हणजे माझ्या आयलीचा मुलगा. आयली डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात असते, हा लहानपणापासून माझ्याकडे. मागच्या थंडीत जर्मनीतून परत आला. म्हणाला, "मुम्मो, तू इतकं बोलतेस ते वाया जातं. यात लिहीत जा, मी वाचेन." मी म्हटलं, आजीची वही आहे ही, वाचायची नाही. हसला. लढाईहून आल्यापासून हसतो खूप, बोलतो कमी. आणि शहाणा किती झालाय! काहीही सांगा, "होय मुम्मो." लष्कराने चांगलं वळण लावलं असं मी सेन्याला सांगितलं, तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण तिचा लेक अजून उलटून बोलतो.

२८ सप्टेंबर

जिंकलो! तेरा विरुद्ध शून्य!

घसा बसलाय. याला फुटबॉल म्हणतात आणि चेंडू सगळा वेळ हातातच असतो, हे मला सांगून सांगून ब्रूनो दमला. ब्रूनो विडमार, तांब्याच्या खाणीतल्या क्रोएशियन विडमारचा थोरला. रांगेत टाउनोच्या शेजारी तोच असतो. दोन्ही बाजूंची पोरं समोरासमोर बैलांसारखी वाकून उभी राहतात. मागे वेस ट्रेम्बाथ आकडे ओरडतो, कुठल्या तरी आकड्याला मधला गडी पायांतून चेंडू मागे देतो, आणि मग सगळे एकमेकांवर आदळतात. आकड्याच्या आधी हललं की दंड. आमची पोरं दोनदा हलली, समोरची चारदा. माझा टाउनो एकदाही नाही. खडकासारखा. शेजारच्या बाकावरच्या माणसाला मी सांगितलं, तो सत्तावीस नंबर माझा आहे. त्याने टोपी काढली!

संध्याकाळी नेहमीसारखा वाफेच्या अंघोळीचा सौना तापवला. शनिवार आहे, तापवणारच. टाउनोबरोबर ब्रूनो आणि ट्रेम्बाथही आले. ट्रेम्बाथ कॉर्निश, त्यांच्यात सौना नसतो, बिचारे टबात बसतात. दगडांवर पहिलं पळीभर पाणी पडलं, वाफ उठली, तसा "आई गं, मेलो!" करत उघडाच बाहेर धावला. मी विहिरीपाशी होते. मी म्हटलं, "बाळा, सात लेकरं न्हाऊ घातलीत मी, तुझ्यात नवीन काही नाही. आत जा, पाठ शेकून घे."

कोट राहिलाच लिहायचा. मागच्या महिन्यात मी चुलीपाशी कामात होते. टाउनोला विचारलं, आजोबांचा लांडग्याच्या कातड्याचा कोट सेन्याच्या नवऱ्याला देऊ का, त्याला छातीचं दुखणं आहे. "होय मुम्मो." दिला. आणि आज स्वारी तोच कोट खुंटीवर शोधते! म्हटलं, तूच नाही का हो म्हणालास? चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली. पण मग म्हणाला, "हो हो, विसरलो."

विसरतात ही लढाईतली पोरं. डोक्यात काय काय असेल.

६ ऑक्टोबर

काल पोरं मार्केट गावाला गेली होती खेळायला, हरली. मी गेले नव्हते, पण सेन्या चर्चच्या पायरीवर थांबलीच होती. "हिल्या, तुझ्या टाउनोने शिट्टी झाल्यावर माणूस पाडला म्हणे. पंधरा यार्डांचा दंड झाला. लोक म्हणतात, लढाईची रग अजून गेली नाही त्याची."

मी म्हटलं, लोकांना म्हणावं आधी आपापली रग बघा. पण घरी येऊन चैन पडेना. टाउनो तसा नाही. लहानपणी मासा गळाला लागला तर त्याला सोडून द्या म्हणून रडायचा. जेवताना समोर बसून विचारलं, का रे पाडलंस? माझ्या तोंडाकडे नीट बघत ऐकलं त्याने. म्हणाला, "लक्ष नव्हतं, मुम्मो. पुन्हा नाही होणार."

हल्ली असंच बघतो, अगदी तोंडाकडे. मला बरं वाटतं. म्हाताऱ्या माणसाकडे कोण बघतं इतकं.

१२ ऑक्टोबर

जिंकलो, वीस विरुद्ध सात. मांस कुठेही मिळत नाही, खाटकाचं दुकान सोमवारच्या चर्चसारखं रिकामं. कोच म्हणतात पोरांना खेळाआधी मांस पाहिजे. मी तळ्यातले मासे लोण्यात परतून दिले. बावीस मासे. उरले काटे. पोरं सगळी आता मला मुम्मो म्हणतात. ओरेगॉनहून आलेला एक आहे तोसुद्धा.

१९ ऑक्टोबर

आजचा दिवस चांगला लिहायला घेतला होता. तीन जिंकून एक हरलेला संघ! आणि खेळ संपल्यावर मी स्वतः कोच ब्रूबेकरांकडे गेले, डोक्याला नवा रुमाल बांधून. म्हटलं, "कोचसाहेब, आमच्यात ज्याला मान द्यायचा त्याला सौनाला बोलावतात. आज तुम्ही या." ते ओहायोचे, कडक माणूस, शिट्टी गळ्यात घालूनच झोपत असावेत. पण मला आडनावाने हाक मारून म्हणाले, "येतो, सालोबाई."

सकाळपासून सौनात लाकडं जळत होती. वाफेत अंगावर मारून घ्यायला बर्चच्या डहाळ्यांच्या नव्या जुड्या बांधल्या. कॉफी, वेलचीचा पुल्ला पाव. त्यात साखर अख्ख्या महिन्याची गेली, जाऊ दे. कोच, टाउनो, ब्रूनो आत गेले. आमच्या सौनाला खिडकी एवढीशी, तिलाही काजळी. आत अंधारच असतो, तसाच हवा. मी बाहेरच्या कपडे काढायच्या खोलीत टॉवेल ठेवत होते. फळीच्या भिंती आहेत, ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नव्हते.

दगडांवर पाणी पडलं, चर्र झालं. मग कोच म्हणाले, "टाउनो, पुढच्या शनिवारी नाणेफेकीला तू जावंस असं मला वाटतं. कप्तान म्हणून. काय म्हणतोस?"

माझ्या हातातले टॉवेल खालीच पडले. माझा टाउनो! खाणीत मेलेल्या माणसाचा नातू, कॉलेजचा कप्तान!

आतून काहीच नाही.

कोच पुन्हा म्हणाले, "काय रे, नको का?" काही नाही. तिसऱ्यांदा आवाज चढला. "मी तुझ्याशी बोलतोय!" तेव्हा ब्रूनो घाईघाईने म्हणाला, "कोच, तो विचार करतोय..." आणि त्याच वेळी टाउनो अगदी मोकळेपणाने म्हणाला, "आणखी पाणी टाकू का, कोच?"

कोच बाहेर आले तेव्हा कॉफीला हात लावला नाही. अंगावर टॉवेल घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "सालोबाई, याला कधीपासून ऐकू येत नाही?"

मला राग आला. म्हटलं, काहीतरीच! त्याला सगळं ऐकू येतं. मी म्हणेन त्याला हो म्हणतो.

२० ऑक्टोबर, रविवार

टाउनो पाठमोरा बसून बूट पुसत होता. मी बिडाच्या मोठ्या कढईचं झाकण जमिनीवर टाकलं. मांजर माळ्यावर पळालं. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

तो बूट पुसत राहिला.

मी सात महिने एका पाठीशी बोलत होते.

पुढे जाऊन बसले. मग त्याने सांगितलं. तोफगोळा जवळ पडला, डावा कान गेला तो गेलाच. उजवा अर्धा आहे, जवळून आणि शांतता असेल तर. बाकी तो ओठ बघतो. अंधारात ओठ दिसत नाहीत. म्हणजे माझ्या सौनानेच त्याला पकडून दिलं. आणि बोलावलं कुणी? मीच, नवा रुमाल बांधून.

"का नाही रे सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खेळू दिलं असतं का? मुम्मो, त्या रांगेत उभा असतो ना, तेवढा वेळच मला कुणी काही विचारत नाही आणि मी कुणाला फसवत नाही. चेंडू हलला की मी हलतो. बस."

म्हणून तो आधी कधी हलत नव्हता! बाकीचे आकडे ऐकतात आणि फसतात, हा नुसता चेंडू बघतो. मला रडू येत होतं आणि छातीही भरून येत होती. दोन्ही एकदम होतं हे या वयात कळलं.

ब्रूनोला ठाऊक होतं म्हणे, पहिल्या आठवड्यापासून.

२२ ऑक्टोबर

टाउनोला संघाबाहेर बसवलं. सत्तावीस नंबरचा शर्ट घडी करून घरी आणलाय. जेवला नाही.

२३ ऑक्टोबर

पुल्ला भाजला आणि टेकडी चढून कोचच्या खोलीत गेले. आधी पुल्ला टेबलावर ठेवला, मग भांडले.

"माझ्या घरी पाहुणे म्हणून आलात, आणि माझ्याच नातवाचा खेळ घेऊन गेलात. तो परत द्या."

ते उभे राहिले, मला खुर्ची दिली. म्हणाले, "सालोबाई, शिट्टी झाली की पोरं अंग सोडतात. तेव्हा कुणी आदळलं तर पाय मोडतो, मानही मोडते. मार्केटचा तो मुलगा उठला हे नशीब. उद्या नाही उठला तर टाउनो जन्मभर काय करेल?"

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

म्हटलं, "त्याला शिट्टी कळेल अशी सोय केली तर?"

"करून दाखवा."

उतरताना आठवलं, पुल्ला तिथेच राहिला. राहू दे.

२७ ऑक्टोबर

काल टाउनोशिवाय खेळले आणि हरले. ब्रूनो संध्याकाळी आला, एक डोळा काळानिळा. म्हणतो, "माझ्या डाव्या हाताला दारच नव्हतं, मुम्मो. सगळा वारा आत." पाच वेळा आकड्याआधी हलली आमची रांग. सेन्या चर्चनंतर माझा हात धरून घरापर्यंत आली आणि म्हणाली, "मी रग म्हणाले होते, ते मागे घेते." सेन्याने आजवर काही मागे घेतल्याचं मला आठवत नाही.

३० ऑक्टोबर

आज माझ्या जेवणाच्या टेबलावर सगळं मैदान मांडलं होतं. कॉफीचे कप म्हणजे आमची रांग, उकडलेले बटाटे म्हणजे समोरचे. ब्रूनो, ट्रेम्बाथ आणि टाउनो डोकी लावून बसले होते. ट्रेम्बाथ म्हणे, मी आणखी मोठ्याने ओरडतो. टाउनो म्हणाला, "तू जहाजाच्या भोंग्याएवढा ओरडलास तरी तुझाच बेंबीचा देठ सुटेल, मला काही कळणार नाही."

मी बटाटे सोलत होते. सगळे सोलून संपले तर तिकडचा संघ संपेल म्हणून ट्रेम्बाथ काळजीत होता. आणि माझ्या तोंडून सहज निघालं, समुद्रापलीकडे आमच्या जुन्या गावी बर्फाखालून माशांचं जाळं ओढायचो तेव्हा कुठे कुणाला ऐकू यायचं? वारा असा की शेजारच्याचा शब्दही उडून जायचा. वीस माणसं एका दोरीला. पहिल्याने ओढलं की दोरीतून दुसऱ्याच्या हाताला कळायचं, त्याच्याकडून तिसऱ्याला. माझे वडील पहिले, मी सतरावी. एकदासुद्धा चुकले नाही. तुमच्याकडे दोरी नाही का?

तिघं माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं काही चुकीचं बोलले.

ब्रूनोने हळूच एक कप दुसऱ्या कपाला चिकटवला. "पाय," म्हणाला. "पायाला पाय."

मग काय! सगळे उठले, टेबल बाजूला सारलं, स्वयंपाकघरात वाकून उभे राहिले. मधला गडी म्हणून मला उभं केलं, मला! हातात चेंडू म्हणून राईच्या पिठाचा पाव. माझ्या पायाला ब्रूनोचा पाय, ब्रूनोच्या पायाला टाउनोचा. मी पाव मागे दिला की माझा पाय हलतो, तो ब्रूनोला लागतो, ब्रूनोचा टाउनोला. टाउनोने डोळे मिटले. मी पाव दिला. तो उसळला तो थेट लाकडाच्या पेटीवर.

शिट्टीचंही ठरलं. शिट्टी वाजवणारा तो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला माणूस शिट्टीबरोबर हात वर करतो. चेंडू पायाने कळला की डोळे मोकळे, टाउनोने आता तो हात बघायचा. आणि ब्रूनोने शिट्टी ऐकली की त्याच्या पाठीत थाप मारायची.

"जोरात मारू का?" ब्रूनोने विचारलं.

"तुझ्या थापेने मी गवतात गाडला जाईन. हळू मार."

मी किती दिवसांनी हसले!

५ नोव्हेंबर

कोचनी तीन दिवस बघितलं. पन्नास वेळा शिट्टी वाजवली, पाठीमागून, लांबून, मध्येच. टाउनो पन्नास वेळा थांबला. आता तर अख्खी रांगच पायाला पाय लावून उभी राहते. कोच म्हणाले, सगळी एका दमात उठतात, असं मी ओहायोतही बघितलं नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही, खाटकाच्या बायकोला सांगितलं. तिच्याकडून ते अख्ख्या गावाला कळलं.

८ नोव्हेंबर

दुपारी कोच आमच्याकडे आले. स्वयंपाकघरात खिडकीजवळची खुर्ची टाउनोला दिली, स्वतः अगदी समोर बसले. तोंडावर उजेड येईल असे. मी फळीवर कणीक मळत होते.

"टाउनो, त्या दिवशी मी एक विचारलं होतं. ते पुन्हा विचारतो. उद्या नाणेफेकीला कप्तान म्हणून तू जाशील का?"

टाउनोने शेवटच्या शब्दापर्यंत बघितलं.

"होय, कोच."

यावेळी हो कशाला म्हणतोय ते त्याला ठाऊक होतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

रात्र झालीय, पण आज लिहिणारच.

विस्कॉन्सिनहून व्हीटन फॉल्सचा संघ बसने आला. या हंगामात एकही हरलेला नाही. आमचे तीन जिंकलेले, दोन हरलेले. सकाळी आभाळ शिशासारखं. खेळ सुरू झाला आणि मोठ्या सरोवराकडून वारा सुटला. वारा कसला, रेल्वेच अंगावर येत होती. पाठोपाठ बर्फ, आडवं. बँडची पोरं वाजवत होती, गाल फुगलेले दिसत होते, आवाज मात्र नाही. सेन्या माझ्या कानाला तोंड लावून ओरडली तरी काही कळेना, म्हणजे केवढं ते!

ट्रेम्बाथ आकडे ओरडत होता, तोंड उघडं दिसत होतं फक्त. तिकडच्यांचंही तसंच. त्यांची रांग नुसती गोंधळली. एक आधी उठतो, दुसरा नंतर, तिसरा मागे वळून "काय? काय?" विचारतो. आणि आमची रांग? पायाला पाय. एकदम उठत होती, जाळं ओढल्यासारखी. त्या मैदानावर आज बावीस बहिरे होते आणि त्यातल्या एकालाच सवय होती.

तरी शून्य-शून्य. चिखल आणि बर्फ, कुणी चार पावलं धावेना. शेवटची काही मिनिटं राहिली. आमचा गडी पडला, पट्ट्यांच्या शर्टवाल्याने हात वर केला, शिट्टी वाजवली असावी, कुणालाच ऐकू आली नाही. टाउनो जागच्या जागी थांबला, दोन्ही हात वर. आणि तिकडचा कप्तान, वासरू उचलेल एवढा माणूस, त्याला काहीच कळलं नव्हतं, तो धावत आला आणि थांबलेल्या टाउनोला छातीवर घेऊन आदळला.

मी उभी राहिले. खुर्ची कुठे गेली माहीत नाही. टाउनो पाठीवर पडून होता. बर्फ त्याच्या तोंडावर पडत होतं. मार्केटच्या त्या पोराची आजी आठवली मला, असेलच की कुणीतरी.

मग गुडघा हलला. ब्रूनोने हात दिला. उठला! उठला आणि टोप नीट केला, आणि त्या आडदांड कप्तानाच्या खांद्याला हात लावून त्याला आपल्या जागेवर पाठवलं. तो नुसता मान हलवत होता, लहान मुलासारखा.

दंड झाला, चेंडू पंधरा यार्ड पुढे. पुढच्याच डावाला ब्रूनो आणि टाउनो दोघं दार उघडावं तसे बाजूला फाकले, मधून टकल्या धावला आणि रेघेपलीकडे पडला. सहा गुण! जादाच्या गुणासाठी लाथ मारलेला चेंडू वाऱ्याने फिरवून आमच्याच लोकांत आणून टाकला, तो सेन्याच्या मांडीवर पडला. देईना परत.

सहा विरुद्ध शून्य. सत्तावीस नंबरला खांद्यावर घेतलं. कोच ब्रूबेकर माझ्याकडे आले, काहीतरी बोलले. वाऱ्यात ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "होय, कोचसाहेब."

१० नोव्हेंबर, रविवार

रस्ता बंद. कालची बस चर्चपाशी पुरली गेलीय. व्हीटन फॉल्सची सगळी पोरं गावात घरोघरी वाटली, माझ्याकडे सहा. त्यात तो कप्तान, नॉर्बर्ट झास्ट्रो. सकाळी न्याहरीला माझ्याकडे बघेना. पावाच्या पाच चकत्या खाल्ल्या, पण खाली मान घालून.

रविवारी सौना मी उभ्या जन्मात तापवला नव्हता. पाद्रीबाबांना निरोप पाठवला, पाहुणे कुडकुडतायत, काय करू. त्यांचा निरोप आला, तापव, आणि मीही येतो.

कोट परत आला! सेन्याचा नवरा बर्फातून आला, आजोबांचा कोट अंगावर, आणि काढून खुंटीवर अडकवला. म्हणाला, कप्तानाचा आहे, कप्तानाला द्या. टाउनो म्हणाला, "छातीचं दुखणं कुणाला आहे, काका? थंडीभर वापरा, वसंतात बघू." आणि पुन्हा त्यालाच घातला. मी टाउनोला समोरून विचारलं, नक्की ना? "नक्की, मुम्मो. या वेळी ऐकून हो म्हणतोय."

पाहुणे सौनात शिरले तेव्हा काय आरडाओरडा! मग बाहेर येऊन बर्फात लोळले, टोमॅटोसारखे लाल. सेन्या तिच्या खिडकीत होती, पडदा हलत होता. मी टॉवेल ठेवायला गेले. फळीच्या भिंती आहेत, सांगितलंच आहे.

आत शांत झालं होतं. दगड तेवढे चरचरत होते. अंधारातून झास्ट्रोचा जाड आवाज आला. "कप्तान... काल मला शिट्टी ऐकू आली नाही. देवाशप्पथ. मी मुद्दाम नाही केलं."

मला वाटलं, पुन्हा तसंच होणार, पुन्हा काही नाही.

पण बाक करकरला. कुणीतरी सरकलं. टाउनोचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, त्यांच्या आणि आमच्याही.

"या बाजूने बोल, भावा. तो कान जर्मनीतच राहिलाय. हा अर्धा आहे, त्यात सांग."

मग झास्ट्रो सरकला असावा. त्याने तेच पुन्हा सांगितलं, आणि टाउनो हसला. "शिट्टी मलाही ऐकू आली नव्हती. एकदा मीही असाच एकाला पाडलाय. मला फक्त हात दिसला. पाणी टाक."

चर्र झालं.

मी टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसले. पाद्रीबाबा आत यायला आले, मला बघून म्हणाले, "काय झालं हिल्या?" म्हटलं, वाफ लागली डोळ्यांना.

११ नोव्हेंबर, सोमवार

बर्फ काढणारी गाडी सकाळी आली, तिच्यामागून बस निघाली. प्रत्येकाला एकेक पुल्ला. झास्ट्रोला दोन, त्याच्या आईसाठी एक. जाताना त्याने टाउनोच्या समोर उभं राहून, तोंडावर उजेड पडेल असं बघून म्हटलं, "पुढच्या वर्षी खेळ आमच्याकडे व्हायचा, पण पोरं म्हणतात इथेच यायचं. कोचशी बोललो, ते हो म्हणाले. आजी, सौना तापवाल ना?"

"तापवेन, पण आधी खेळा, मग वाफ," मी म्हटलं. "आधी घेतलीत तर हराल आणि मला नावं ठेवाल."

वही आज टाउनोला देणार आहे. मी जे त्याच्या पाठीशी बोलले ते सगळं यात आहे, वाचू दे त्याला. तारीख मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे त्याला शोधावी लागणार नाही. पुढच्या नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, आठ तारीख, १९४७, दुपारच्या आधी. व्हीटन फॉल्सची पोरं परत येणार.